पसंतीची गर्दी

समाज मंडळाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाईट मागच्या वर्षी उघडल्याबरोबर बंद पडली होती. मंडळाचे अध्यक्ष साक्रीचे अभिमन नाना. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते फोनवर लोकांची समजूत घालत बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला. म्हणून यंदा ते स्वतः जळगावला, योगेंद्रभाऊंच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आले.

"साईट साधी असली तरी चालेल," नाना म्हणाले, "पण पडायला नको."

साईट पडते की टिकते हे आधीच पाहून ठेवायचं काम कंपनीतल्या दिपमालाकडे होतं. हजारो माणसं एकदम आली तर काय होईल, हे ती खोटी माणसं सोडून बघायची. ही माणसं म्हणजे एक प्रोग्राम. तो हजार जणांसारखा साईट उघडतो, फोटो बघतो, बटणं दाबतो. दिपमालाने पाच हजार खोटी माणसं सोडली. साईट हलली नाही.

तरी तिचं समाधान होईना. नवीन टूल हाताशी होतं, आणि त्याला खरी माणसं कशी वागतात ते एकदा दाखवलं की तशीच माणसं ते स्वतः तयार करत असे. पण दाखवायला खरी माणसं हवीत.

"भाऊ, तीस-चाळीस जण मिळतील का? मोबाईल घेऊन?"

योगेंद्रभाऊ खुर्चीतून उठलेच. "भरीत पार्टी ठेवू! जामनेरला, आपल्या शेतात. भरीत म्हटलं की चाळीसचे साठ येतील."

रविवारी शेताकडे जाताना गाडीत भाऊ जुन्या गोष्टींवर आले. वीसेक वर्षांपूर्वी ते धुळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवत. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर केलं आणि ते किती माणसं झेलतं ते बघायला क्लासची सगळी पोरं बसवली. "मी शिट्टी वाजवली, सगळ्यांनी एकदम एंटर दाबलं. सॉफ्टवेअर टिकलं गं, पण फ्यूज उडाला!"

दिपमाला हसत सुटली.

"मग एक टूल आलं. आपण एकदा काय काय दाबलं ते लक्षात ठेवायचं आणि शंभर जणांच्या नावाने तेच दाबत राहायचं. शंभरच्या पुढे गेलं की आपलाच कॉम्प्युटर गपगार. नंतर तुम्ही पोरं आलात. भाड्याची मशीन घेता, चार ओळी लिहिता, लाख माणसं उभी करता. आणि आता म्हणे टूलच माणसं घडवणार."

"घडवेल, भाऊ. पण बघून शिकेल तशीच घडवेल."

शेतात तुरीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायला टाकली होती. धूर बांधावरून पलीकडच्या केळीत शिरत होता. मंडळाची माणसं घरच्यांना घेऊन आली होती. साक्रीहून दिपमालाची कोकिळा मावशीही आली होती. वांगी सोलून होईपर्यंत दिपमालाने सगळ्यांना काम सांगितलं: साईट उघडा, स्थळं बघा, आवडलं तर 'पसंत' दाबा. स्थळं सगळी खोटी होती, फोटोंच्या जागी फुलं. फोटो नीट दिसतो का ते बघायला तिने एका ठिकाणी मात्र स्वतःचा फोटो टाकला होता आणि तो काढायचा राहून गेला होता.

लोकांनी सुरुवात केली आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या मोबाईलवर चाक नुसतं फिरत राहिलं.

"पोरी, हाई काय व्हयनं?" नानांनी मोबाईल वर धरला. "बंद पडी गयं!"

दिपमालाला विश्वासच बसेना. पाच हजारांना न हललेली साईट साठ जणांत अडकली होती. तिने लॅपटॉप उघडला. सगळी गर्दी एकाच स्थळावर थांबली होती. ते स्थळ तिचं स्वतःचं होतं.

"तुम्ही सगळ्यांनी मलाच पसंत केलं?"

"मी तं तुलेच करं," कोकिळा मावशी म्हणाली. "आपली पोर सोडीसन दुसरीले कशाले करू?"

"मी बी," नाना म्हणाले. मग एकेक हात वर होत गेला. काहींनी तर आपलं बटण लागलं नाही असं वाटून पुन्हापुन्हा दाबलं होतं. हशा इतका झाला की लाकडी बडगीत भरीत घोटणारा गडी हातातलं मुसळ तसंच धरून बघतच राहिला.

दिपमालाही लाजून हसत होती, पण चूक तिच्या ध्यानात आली होती. प्रत्येक पसंती त्या स्थळाच्या एकाच आकड्यात मिळवली जायची. एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं होत नसे. तिची खोटी माणसं शहाण्यासारखी सगळ्या स्थळांवर सारखी पसरली होती, म्हणून कुठेच रांग लागली नव्हती. खरी माणसं जिथे ओळख दिसते तिथे जातात.

"दुरुस्ती जेवण झाल्यावर कर," भाऊ म्हणाले.

"भाऊ, आता सुचलंय तर करूनच जेवते."

तिने प्रत्येक पसंती वेगळी नोंदवायची आणि बेरीज मागाहून करायची अशी सोय केली. केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी वाढली जात असताना सगळ्यांनी पुन्हा तिलाच पसंत केलं. या वेळी साईट सपासप चालली.

त्या दुपारचं सगळं वागणं तिने टूलला शिकवलं. दुसऱ्या दिवशी टूलने दहा हजार नवी माणसं घडवली, आणि ती अगदी आपल्यातली होती. एकाच स्थळावर झुंबड करणारी, अर्ध्यात सोडून परत येणारी. एक तर पसंत करायचा, काढायचा, पुन्हा करायचा.

"हे आमचे मेहुणे," भाऊ स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले. "मी शिट्टी वाजवायचो त्या दिवसांत असं कोणी सांगितलं असतं, तर वेड्यात काढलं असतं गं."

मेळाव्याच्या दिवशी धुळ्याच्या हॉलमध्ये सकाळपासून लोक लोटले. साईट उघडली, दिपमालाच्या स्क्रीनवर गर्दी दाखवणारी रेघ वर चढत गेली, आणि चढतच राहिली. नानांचा फोन वाजला तेव्हा दिपमालाने चमकून तिकडे पाहिलं. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, जेवायला गोड काय आहे.

नव्या टूलची नजर आता चालू साईटवरही होती. पुढे गर्दी कुठे होणार ते आधी सांगायचं काम त्याला दिलं होतं. त्याने इशारा दिला: बोदवडच्या एका मुलीच्या स्थळाकडे लोक वळतायत. दिपमालाने झटकन भाड्याचं आणखी एक मशीन वाढवलं. मागोमाग लाटच आली आणि अलगद निघून गेली. दिपमालाने नानांना सांगितलं तेवढंच, बाकी कोणाला काही कळलंही नाही. मागच्या बाकावर योगेंद्रभाऊंनी एकट्यानेच टाळी वाजवली.

थोड्या वेळाने एक उंच मुलगी दिपमालाच्या टेबलाशी आली. "मी मेघा, बोदवडची. जनावरांची डॉक्टर आहे. नाना म्हणाले, माझ्यामुळे तुम्हाला काम पडलं."

"पडलं तर!" दिपमालाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हा डोंगर दिसतोय ना, तो तुमचा."

मेघाने तोंडावर हात ठेवला. "एवढी माणसं? बैलाला इंजेक्शन द्यायला घाबरत नाही, पण आता स्टेजवर जायला नको वाटतंय."

"बसा मग. मीही सकाळपासून चहा घेतलेला नाही."

दोघींनी चहा मागवला. समोर स्टेजवर नाना पुढचं नाव पुकारत होते, आणि इकडे या दोघी स्क्रीनवरचा डोंगर बघत खुदखुदत होत्या.