वारलामचा हरवलेला खर्ज

आमच्या गुरिया प्रांतात तीन गळ्यांशिवाय गाणं पुरं होत नाही. लग्नाच्या गाण्यात वारलाम खर्ज धरायचा, अंब्रोसी वरचा सूर आणि मधला मी. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

माझ्या मुलीचं, नानुलीचं लग्न ठरलं आणि अंब्रोसी संत्री तोडताना शिडीवरून पडला. पाय मोडला. त्याची लेक त्याला बातुमी शहरात आपल्या घरी घेऊन गेली.

"वरचा सूर तू शीक," मी वारलामला म्हटलं. "खर्ज माझा मेहुणा सांभाळेल."

बिचारा महिनाभर चहाच्या मळ्यात केकाटत होता. शब्द तेच, चाल निराळी. पण शिकला.

आणि लग्नाच्या दुपारी कुबड्या टेकत अंब्रोसी दारात हजर!

"सुटलो बुवा," वारलाम म्हणाला. "मी आपला खर्जात जातो."

माझा मेहुणाही सुटल्यासारखा पाहुण्यांत जाऊन बसला. गाणं सुरू झालं. वारलामने तोंड उघडलं, तर वरचाच सूर! खाकरून पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अर्धी ओळ खाली, अर्धी वर. पाहुणे हसायला लागले.

"अरे, झोपेतसुद्धा तोच खर्ज घोरायचास ना?" त्याची बायको डोमनिका ओरडली.

"आहे गं आत! धरायला गेलो की हा नवा आडवा येतो." मग माझ्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "म्हातारा झालो का रे मी?" त्याचा चेहरा पार उतरला होता.

"म्हातारा कसला!" अंब्रोसी म्हणाला. "येतंय ते गा. खर्ज मी धरतो. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसलोय, बहिरा थोडाच होतो?"

अंब्रोसीचा बारीक खर्ज आणि वर वारलामचा जाडाभरडा गळा. हसू दाबता दाबता माझा मधला सूर दोनदा सुटला. नानुलीने तर तेच गाणं पुन्हा गायला लावलं.

आठवड्याने वारलाम धापा टाकत माझ्या अंगणात आला. लाकडं फोडता फोडता खर्ज आपोआप तोंडात आला होता म्हणे. त्याने सगळं गाणं म्हणून दाखवलं. एक जागा चुकली नाही.

"आणि वरचा सूर?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटले, ओठ हलवले, मग खो खो हसत सुटला. "गेला की रे!"

डोमनिका मागोमाग आलीच होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती म्हणाली, "आता परत वरचा सूर शिकायला लावलास ना, तर याला तुझ्याच घरी ठेवून जाईन."