शब्द वर घ्या

रेकॉर्ड कंपनीच्या बाईंचा निरोप सकाळीच आला होता: नवा अल्बम सगळ्यांना कळला पाहिजे, शब्द वर घ्या.

म्हणजे तिचाच आवाज वर घ्यायचा. ती गाणार आणि नवरा गिटार वाजवणार, अशी ही जोडी अकरा वर्षं ड्रीम पॉप, म्हणजे धूसर, स्वप्नाळू गाणी करत होती. तीन अल्बम झाले, पण तिचे शब्द एकालाही कळले नव्हते. नवरा तिच्या आवाजावर एवढा एको चढवायचा की शब्द विरघळून नुसते सूर उरायचे. ऐकणारे डोळे मिटून डोलायचे. तिचं काय जात होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात जे बोलता येत नव्हतं ते ती माइकसमोर बोलून मोकळी व्हायची, आणि ज्याच्याविषयी बोलायची तोच शेजारी बसून तारा जुळवत असायचा. शब्द काय आहेत हे त्या बाबाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं.

आता मात्र नव्या अल्बममधलं गाणं उघडं पडणार होतं. हे गाणं त्याने नीट ऐकलं की संसाराचं काय होणार, कोण जाणे. आणि खरं सांगायचं तर काळजी करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. रेकॉर्डिंगची ती खोली, भिंतींना चिकटवलेला स्पंज, त्याने अर्धा टाकलेला गार चहा, सगळ्याचाच तिला वीट आला होता.

त्याने एको काढला. स्पीकरमधून तिचा आवाज कोरडा, स्वच्छ आला: "तू घरात असलास की मी जास्त एकटी असते."

नवऱ्याचा हात बटणावरच राहिला. त्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"यातला 'तू' म्हणजे कोण?"

खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं. "तूच," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या अल्बमपासून."

"मग इतकी वर्षं मी काय करत होतो?"

"छान वाजवत होतास की."

तो हसला नाही. तेवढ्यात कंपनीच्या बाईंचा फोन आला. "हो, कळतात आता शब्द," तो त्यांना म्हणाला. "चांगलेच कळतात. पाठवतो." आणि एक अक्षरही न झाकता त्याने गाणं पाठवून दिलं.

मग खुर्ची ओढून तो तिच्यासमोर येऊन बसला. असा समोर तो कधी बसलाच नव्हता.

"आधीच्या गाण्यांत काय म्हणत होतीस? सांग ना. सगळं सांग, मी ऐकतो."

याच एका वाक्यासाठी तिने अकरा वर्षं वाट पाहिली होती. तिला रडू यायला हवं होतं. तिने पहिलं गाणं आठवून पाहिलं. चाल आठवली, शब्दही आठवले, पण ज्या तळमळीने ते लिहिले होते ती काही केल्या सापडेना.

"नको रे," ती म्हणाली. "आता सांगायचा कंटाळा आलाय."