पालथं माप

ससे रात्री येत आणि संत्र्याच्या नव्या रोपांची साल बुंध्याशी कुरतडून जात. पंचवीस रोपं वाळली, तेव्हा काटोलहून वामनरावांनी मला फोन केला. मी नागपूरहून सकाळच्या बसने निघालो. स्टँडवर त्यांची सून मिनल मोटरसायकल घेऊन उभी होती. तिचा नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, त्यामुळे बाग तीच पाहते. सासऱ्याची ठासणीची रायफलही आता परवान्यावर तिच्याच नावाची होती.

"ससा मारायचा नाही गा गणपत," बागेत पोचताच वामनराव म्हणाले. "कायदा मले मालूम आहे. फक्त त्याच्या कानापाशी माती उडाली पाहिजे. मंग तो आपल्या सात पिढ्याईले सांगून ठेवन, तिकडं जाऊ नका म्हणून."

"त्याचा कान केवढा, तुमची रायफल किती जुनी!" मी म्हणालो.

"म्हणूनच तर तुले बोलावलं."

मी चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या आहेत. बारीक नळीच्या रायफलीला दारू किती लागते हे नुसतं पाहून कळत नाही. थोडी थोडी वाढवत गोळी झाडून पाहावी लागते. कमी पडली तर गोळी अलीकडेच खाली येते, वाढली तर भरकटते आणि फारच वाढली तर नळी फुटते. ही नळी माझ्याहून म्हातारी होती आणि मुळाशी गंजाने खाल्लेली होती. माझ्या पितळी मापावर चार रेघा आहेत. चौथ्या रेघेच्या वर एक कणही जायचं नाही, हे मी आल्या आल्या दोघांना सांगितलं.

बांधावर मिनलने गळलेली संत्री ओळीने मांडली. मी खाटेवर पोतं ठेवलं, त्यावर नळी टेकवली आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. पहिली गोळी बांधाच्या पायथ्याशी गेली. दुसरी संत्र्याच्या खाली वीतभर. तिसरी जरा वर सरकली, संत्र्याच्या बुडाशी.

"आता चौथी मिनल मारन," वामनराव म्हणाले. "रायफल तिची, तिचा खांदा तयार झाला पाहिजे."

मी चौथ्या रेघेचं माप भरून नळीत ओतलं आणि सवयीने दगडावर पालथं ठेवलं. आमच्या दुकानात उस्तादांची तशी रीत होती. तिथे कोणालाच लिहिता-वाचता येत नव्हतं. माप पालथं म्हणजे दारू पडली, उताणं म्हणजे पडायची आहे. मी बाराखडी शिकलो ती पन्नाशीनंतर, पण हाताला रीत तीच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. घरून बायको जयवंता बोलत होती. "संत्री आणणार आहा ना? मागच्या खेपेले आणली तशी पिचकी नका आणू. अन् परतीची बस किती वाजताची?" मी दहा पावलं बाजूला जाऊन तिला बसची वेळ सांगितली. परत आलो तर दगडावर माप उताणं. मी ते भरलं, ओतलं, पालथं ठेवलं. चिंधीत गोळी धरून गजाने ठासली. घोड्याच्या ठोक्याने ठिणगी पाडणारी टोपी बसवली आणि रायफल मिनलच्या हातात दिली.

ती खाटेपाशी गुडघ्यावर बसली. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. घोडा चढवल्याचा आवाज झाला.

वामनराव दगडापाशी उभे होते. त्यांनी माप उचललं, रेघांवरून अंगठा फिरवला आणि ठेवून दिलं. उताणं.

फोनच्या वेळीही ते तिथेच उभे होते. मी एकदा ओतलं होतं की दोनदा? आठवेना. गज ठासताना तो नळीच्या किती वर राहिला हे मी नेहमी बघतो. या वेळी मी बसच्या विचारात होतो.

तोंडातून "थांब" निघणार होतं, ते मी गिळलं. बंदूक गालाला लावलेल्या माणसावर ओरडायचं नसतं. दचकलेलं बोट आधी चापावर आवळतं.

"मिनल," मी हळू म्हणालो, "बोट बाजूला घे वं."

तिला ऐकू गेलं नाही. डोक्यावर पोपटांचा थवा कलकलत होता. मी बाजूने, तिच्या नेमाच्या आड न येता, पुढे गेलो. पाच पावलं. तिने श्वास रोखलेला मला दिसत होता. मी वाकलो आणि घोड्याच्या खाली अंगठा घातला.

घोडा माझ्या नखावर पडला.

"काका!" मिनल किंचाळली. "हे काय केलं?"

"बोट काढ. नळी बांधाकडंच राहू दे." मी दुसऱ्या हाताने घोडा उचलला आणि टोपी काढून फेकली. मग अंगठ्याकडे पाहिलं. नख काळं पडलं होतं, कडेने रक्त येत होतं.

"काहून गा?" वामनराव धावत आले. "पागल झाला का?"

मी गज नळीत सोडला. तिसऱ्या खेपेला जेवढा वर राहिला होता त्याहून आता चार बोटं वर होता. एका रेघेने एवढा फरक पडत नाही.

"दारू दोनदा पडली," मी म्हणालो.

वामनरावांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. "चाळीस वर्षं बंदुका केल्या म्हणतोस! तुझ्या भरवशावर मी सुनेले बसवलं. तिचा डोळा गेला असता तर पोराले काय तोंड दाखवलं असतं मी?"

मी गज नळीतून बाहेर काढला.

"बाबा," मिनल म्हणाली. "काका फोनवर होते तवा तुम्ही ते माप उचलून पाहिलं होतं. मी पाहिलं."

"मंग? पाहिलं तर काय झालं?"

पालथ्या-उताण्याची रीत मी सांगितली. वामनराव दगडावर टेकले. "मले काय मालूम," एवढंच म्हणाले.

"तुम्हाला मी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "आणि गज माझ्या हातात होता."

मिनलने विहिरीवरून बादली आणली. आम्ही नळीत पाणी भरलं. दारूचा काळा चिखल झाला, तेव्हा गजाला स्क्रू लावून मी गोळी ओढून काढली. नळी धुऊन, चिंध्यांनी पुसून उन्हात टेकवली. वामनरावांनी आपल्या दुपट्ट्याची पट्टी फाडून माझा अंगठा बांधला.

नळी वाळल्यावर मी सामान आवरायला लागलो. मिनलने माझ्या हातातून दारू ठेवायचं शिंग काढून घेतलं.

"तिसरी रेघ ठीक होती ना काका?"

"ठीक होती. पण आज राहू दे."

"आज राहिलं तर मी पुन्हा हात नाही लावणार हिले." ती सासऱ्याकडे वळली. "तुम्ही दोघं तिकडं झाडाखाली बसा. फोन बंद करा. अन् मी काही विचारल्याबिगर बोलू नका."

आम्ही जाऊन बसलो. तिने माप तिसऱ्या रेघेपर्यंत भरलं. नळीत ओतून मोठ्याने म्हणाली, "दारू टाकली." माप खिशात घातलं. "गोळी बसली." गज आत सोडला, बोटांनी मोजलं. "गज बरोबर." मग टोपी.

ती गुडघ्यावर बसली. वामनरावांनी माझं मनगट घट्ट धरलं. आवाज झाला, धूर पसरला, पोपट उडाले.

"लागलं का?" मिनलने धुरातूनच विचारलं.

आम्हाला सांगता येईना. आम्ही दोघं तिच्याकडेच पाहत होतो.