काशाच्या वाटीचं सडेतोड म्हणणं

मित्रांनो, मी काशाची वाटी आहे, वयाने जुनी आणि स्वभावाने हट्टी. माझी कीव करू नका. ऐकायचंच असेल तर माझं काम ऐका.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून एका कासाराने मला घडवलं. हातोडीचे घाव पुष्कळ सोसले, तेव्हा कुठे माझा तळ गुळगुळीत झाला. वृद्धाश्रमात मालिश करणाऱ्या एका मावशींनी मला विकत घेतलं आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

मावशी औषधी मुळ्या घालून उकळलेलं तिळाचं तेल माझ्यात ओतत आणि मला गरम पाण्यात ठेवत. तेल थेट आचेवर ठेवलेलं त्यांना खपत नसे. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या, मग खांदे, पाठ, गुडघे. शेवटी माझ्या तळाने तळपाय चोळायच्या. माझा तळ काळा पडला की लोक म्हणत, ही अंगातली उष्णता ओढून घेते. ते मला ठाऊक नाही, आणि नसलेलं श्रेय मी घेत नाही. पण आखडलेले खांदे सैल होताना मी पाहिलेत. भेगाळलेली कातडी मऊ होताना पाहिली आहे. झोप येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या शिंपीणआजी तर मालिश अर्धी होईपर्यंत घोरायला लागत. वर म्हणत, "मी घोरत नाही, विचार करते."

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांनी मालिश करणाऱ्या दोन विजेच्या खुर्च्या आणल्या. मावशींना म्हणाले, "तेलाने चादरी खराब होतात. हे अडाणी प्रकार आता बंद." मला त्यांनी अडगळीत टाकलं. कोळ्याने माझ्यात जाळं विणलं. मला राग आला, मित्रांनो, रडू नाही.

आठवड्याने मावशी मला घरी न्यायला आल्या आणि अडगळीतून काढून घेऊन निघाल्या. बाहेरच्या खोलीत निवृत्त बसड्रायव्हर आजोबा खुर्चीत बसले होते आणि व्यवस्थापक बटण दाबणार होते. मावशींचं लक्ष आजोबांच्या पायाकडे गेलं. एकच पोटरी टम्म सुजली होती. त्यांनी हात लावून पाहिला, तर ती गरम लागली.

"मशीन लावू नका," मावशी म्हणाल्या.

"दहा मिनिटांत सूज उतरेल."

"असा पाय चोळायचा नसतो. मीही चोळणार नाही. आधी डॉक्टरांना बोलवा."

"तुम्ही मला शिकवणार?"

"हो," असं म्हणून मावशी मला छातीशी धरून बटणासमोर उभ्या राहिल्या. शिंपीणआजी काठी टेकत त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग आणखी चार जण आले. व्यवस्थापकांनी शेवटी फोन उचलला.

डॉक्टरांनी तपासून आजोबांना लगेच दवाखान्यात नेलं. पायातल्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ झाली होती. "चोळलं असतं तर जिवावर बेतलं असतं," ते म्हणाले. पंधरा दिवसांनी आजोबा परत आले आणि आल्या आल्या त्यांनी मावशींची चौकशी केली.

व्यवस्थापक मावशींना म्हणाले, "अडगळीची खोली घ्या आणि काम सुरू करा."

"खिडकी असलेली खोली द्या. म्हाताऱ्या माणसांना ऊन हवं असतं. आणि चादरी मी धुईन."

खोली मिळाली. खुर्च्याही आहेत, ज्याला आवडतं तो बसतो. माझं त्यांच्याशी वैर नाही. पण यंत्राला पोटरीची सूज दिसली नव्हती, ती माणसाच्या हाताला कळली.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातल्या थकल्या माणसांच्या पाठीला कोमट तेल लावा. दुखतं कुठे ते विचारा, आणि हात कुठे लावायचा नाही तेही शिका. मला मात्र चकचकीत करून काचेच्या कपाटात मांडू नका. मला कुणाच्या तरी दुखऱ्या तळव्याखाली झिजायचं आहे.