बोटाला बंदी

मी पेन बोलतोय. माझ्यात शाई नाही, रिफिल नाही. कागदावर टेकवलंत तर मी नुसता ओरखडेन. मी काचेवर लिहिणारा. घडी घालून पाटीसारखा मांडीवर घेता येतो अशा एका वापरलेल्या लॅपटॉपच्या कडेला खाच आहे, तिथे माझा मुक्काम असतो. हल्ली तिथून मला कुणी काढत नाही. म्हणून बोलतोय, नाहीतर पेनाने स्वतःसाठी बोलायचं नसतं.

माझा कारखाना मला आठवत नाही. मी जन्मलो तो केरळात, इरिंजालकुड्याजवळच्या एका घरात, तंकमणी टीचरच्या पलंगावर. टीचरने तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलं. मग नसांचा आजार जडला. आधी जीभ जड झाली, मग आवाज गेला. हातही जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. कागदावर बॉलपेन दाबावं लागतं, तेवढा जोर तिच्या बोटांत नव्हता. मला दाबावं लागत नाही, टेकवलं की पुरे. म्हणून शाळेतल्या दोन मास्तरांनी, हंसा माष आणि सेबास्टिन माष यांनी, आम्हाला शोधून आणलं. तिचा आवाज मीच होणार होतो.

टीचर आणि हे दोघं, तिघांनीही शाळेत मुलांना लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, शिकवलेलं. मशीनवर दुसरं काही घालायचं म्हणजे त्यांच्या लेखी धर्म बुडाला. ठीक आहे. पण लिनक्स एक का असतं? कुठलं घालायचं, यातच नमनाला घडाभर तेल गेलं.

"शाळेतलंच घालू. टीचरच्या सवयीचं आहे," हंसा माष म्हणाले.

त्या शाळेतल्या लिनक्सने मला उंदीर समजलं, म्हणजे माउस. मल्याळम अक्षरं म्हणजे सगळी गोल वळणं. त्या वळणांना कोपरे निघाले.

"मी पहिल्या दिवसापासून ओरडतोय," सेबास्टिन माष खूश झाले. "तुमचं ते म्हातारं झालंय हो. आता माझं बघा."

त्यांचं दिसायला देखणं होतं. पण लॅपटॉपची घडी घातली की पान फिरायचं आणि मी मात्र फिरायचो नाही. टीचर खाली रेघ ओढायची, ती आडवी उमटायची. तिने कशीबशी एक ओळ लिहिली, "मी सरळ आहे. वाकडे तुम्ही दोघं." दोघंही हसले आणि पुन्हा भांडायला बसले. टीचरचे यजमान वेलायुधन, सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर, कोपऱ्यावरच्या टपरीवरून थर्मासमध्ये चहा आणत. घरात चहा करणारी, तांदळाची कंजी, म्हणजे पेज, शिजवणारी आता पलंगावर होती. मास्तरांना चहा पुरत होता, वेळही पुरत होता. टीचरचा हात तेवढा पुरत नव्हता. तिचा अंगठा रोज माझ्यावरून निसटायचा, आणि ते फक्त मला कळायचं.

तिसऱ्या लिनक्सवर मी पहिल्यांदा नीट लिहिलं. खोट एकच राहिली. टीचरला मनगट उचलून धरता येत नव्हतं. तळहात काचेवर टेकला की काच त्याला बोट समजायची आणि पान भलतीकडे पळायचं.

वेलायुधन खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी तिचं मनगट तळव्यावर घेतलं आणि काचेपासून दोन बोटं वर धरलं.

"तू लिही तंकम. मी रस्त्याकडे बघतो," म्हणाले, आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेला तो हात एकदाही हलला नाही.

असं तीन आठवडे चाललं. काचेवरच्या वहीची एकतीस पानं झाली. सगळी शारजाला असलेल्या निमीसाठी, त्यांच्या मुलीसाठी. त्यांत काय होतं ते वेलायुधनांनी पाहिलं नाही. मला ठाऊक होतं, कारण सगळं माझ्याच टोकातून गेलं होतं.

एके दिवशी दोन्ही मास्तर धावत आले. तळहातावरचा उपाय सापडला होता! चौथं लिनक्स घालायचं, आणि त्यात बोटाचा स्पर्श साफ बंद करून टाकायचा. पेन चालेल, बाकी कशालाही काच दाद देणार नाही. त्यांनी जुनं पुसून नवं घातलं.

"वही कुठाय?" वेलायुधनांनी विचारलं.

"हंसा माषनी काढून ठेवली असेल."

"मी? मला वाटलं तुम्ही काढलीत!"

सेबास्टिन माष खाली बसले आणि त्यांनी कपाळ पलंगाच्या दांड्याला टेकवलं. टीचरच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिला ते पुसता येईना. मी तिच्या बोटांत होतो. माझ्या पोटातलं सगळं आठवत असून मला एक अक्षर स्वतःहून काढता येत नव्हतं. पेनाच्या जन्माला येऊ नये.

आणि तरी खरं सांगतो, त्याच दिवशी मला माज चढला. बोटाला बंदी, आणि मी एकटा मालक! या माजाची लाज मला पुढे वाटायची होती.

टीचरने वही पुन्हा सुरू केली नाही. "पाणी", "कूस", "पंखा", एवढंच ती लिहायची. तेवढ्यात नवरात्र आलं आणि निमी रजा काढून आपल्या अम्मा-अच्छनकडे, आईबाबांकडे आली. अष्टमीच्या संध्याकाळी पुस्तकं, वह्या, हत्यारं पूजेत ठेवायची आणि विजयादशमीपर्यंत वाचायचं-लिहायचं नाही, ही या घरची जुनी रीत.

"अम्मे, लॅपटॉपही ठेवू का?" निमीने विचारलं. "नाहीतर राहू दे. तू बोलणार कशी?"

"ठेव," टीचरने लिहिलं. "मलाही सुट्टी."

ते माझं शेवटचं लिखाण. मला चंदन लावलं, वर रेशमी कापड घातलं. मी त्या कापडाखाली तडफडत होतो. देवी, मला मान नको, तिचा हात हवा, दिवस वाया जाताहेत! देवीने ऐकलं नाही. दशमीला सकाळी निमीने मला उचलून आईच्या बोटांत दिलं आणि मी सरळ खाली पडलो. पुन्हा दिलं, पुन्हा पडलो. निमी तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली.

टीचरची फक्त तर्जनी हलत होती. बोट उचलून कळ दाबायची ताकद नव्हती, सरकवण्यापुरता जीव होता. ती काचेवर बोट सरकवत राहिली. वळण, वळण, रेघ. काच कोरीच. बोटाला बंदी होती ना! ती लिहितेय हे खोलीत मला एकट्याला दिसत होतं, आणि मी जमिनीवर पडलो होतो.

दशमीला घरातल्या थोरामोठ्यांनीही ताटातल्या तांदळात बोटाने श्रीकार काढायचा असतो. वेलायुधन ते ताट घेऊन आले. "तंकम, तुझंही होऊ दे," म्हणत त्यांनी तिचं मनगट नेहमीसारखं धरलं आणि बोट तांदळावर ठेवलं. बोट चाललं. या खेपेला त्यांनी मान फिरवली नाही. श्रीकार नव्हताच तो. ते एकेक अक्षर लावून मोठ्यांदा वाचू लागले, "स्पर्श... चालू... करा."

"निमी! हंसा माषला बोलाव!"

हंसा माषना तिथे एक मिनिट लागलं. एकच खूण बदलायची होती. आठवडेच्या आठवडे दोन शहाण्यांनी यंत्र निवडलं, आणि हात कुणाचा आहे हे शेवटी तांदळाने सांगितलं.

मग टीचरने काचेवर बोटाने लिहिलं. दुपारपर्यंत लिहीत होती. अक्षरं मोठी, वाकडी, पानभर झाली.

"निमी, एकतीस पानांत हेच होतं. अच्छनला कंजी करता येत नाही. शिकव."

आता ते बोटही थांबलं आहे. टीचर डोळ्यांनी हो-नाही सांगते. मी खाचेत आहे, अंगावर चंदनाचा डाग तसाच. माझी एक विनंती आहे. कुणासाठी असं काही निवडायला बसलात, तर त्याचा हात आधी हातात घेऊन बघा. भांडण मग करा, चहाही मग प्या. आणि माझ्यासारख्या पेनाचं कौतुक करण्यासाठी बोटाला बंदी घालू नका.

निमी परत गेली. महिनाभर रोज सकाळी स्वयंपाकघरातून तांदूळ करपल्याचा वास यायचा. परवापासून येत नाही. वेलायुधन वाटी घेऊन येतात, पलंगावर बसतात, आणि पहिला चमचा तिच्या ओठाला लावून विचारतात, "मीठ बरोबर आहे?" टीचर डोळे मिटून हो म्हणते.