जाताना पावणेदोन, येताना साडेचार

रंगनाथ पगारेंची अख्खी नोकरी मनमाड स्टेशनात, चौकशीच्या खिडकीत गेली. त्यामुळे लेक साक्षीचं दुबईचं तिकीट पाहताच त्यातली गोम त्यांच्या ध्यानात आली होती. विमान मुंबईहून चारला सुटणार आणि पावणेसहाला उतरणार. पण ती वेळ दुबईच्या घड्याळातली, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. प्रवास खरा सव्वातीन तासांचा.

त्यांच्या पत्नी लताबाईंनी मात्र सरळ वजाबाकी केली. लेकीला तिकडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागल्यापासून त्या नाही म्हणजे नाही म्हणून अडून बसल्या होत्या. तिकीट बघून म्हणाल्या, नाशिक रोडहून मुंबईला चार तास लागतात आणि दुबईला पावणेदोनच? मग जाऊ दे पोरीला. रंगनाथरावांनी मिठाची गुळणी धरली. पोरीचं भलं होत असताना घड्याळं कुणी मोजायची?

वर्षभर लताबाई कॉलनीत ज्याला त्याला सांगत होत्या, आमची साक्षी सुरतेपेक्षा जवळ. रंगनाथराव तेवढ्या वेळेपुरते चपला शोधायला लागायचे.

आता साक्षी महिनाभराच्या रजेवर येणार होती. तिकीट फोनवर आलं. दुबईहून दहाला निघणार, मुंबईला अडीचला पोचणार. रंगनाथरावांनी वेळ दोनदा वाचली. बिंग फुटलं, तर ही पोरीला परत पाठवायची नाही.

"येताना साडेचार तास कसे हो?" लताबाईंनी पीठ मळता मळता विचारलंच.

"वारा समोरून असतो," ते म्हणाले. "इगतपुरीच्या घाटात गाडीला मागून इंजिन लावावं लागतं ना, तसलंच काहीसं."

लताबाई इतक्या हसल्या की पिठाचा हात कपाळाला लागला. मग त्यांनी सांगून टाकलं. शेजारच्या मीनाबाई शाळेत शिकवतात. त्यांना तिकिटाच्या दिवशीच विचारलं होतं आणि त्यांनी दोन घड्याळं काढून सगळं समजावलं होतं.

रंगनाथरावांनी विचारलं, "मग कबूल कशी झालीस?"

"साऱ्या कॉलनीत नाही म्हणून बसले होते. पोरगी आत रडत होती. हो म्हणायला कायतरी निमित्त नको?"

"आणि वर्षभर सगळ्यांना पावणेदोन तास सांगत होतीस ते?"

लताबाईंनी पीठ झाकून ठेवलं. हसू ओसरलं होतं. "ते माझ्यासाठी. दहा जणांना जवळ जवळ म्हणून सांगितलं, की मलाही घटकाभर तसंच वाटायचं."

वर्षभर आपणच हिला सांभाळतोय, असं रंगनाथराव समजत होते. ते उठून तिच्याजवळ जाऊन बसले. रजा संपल्यावर साक्षीला सोडायला विमानतळावर दोघांनी जायचं, हे लताबाईंनीच ठरवलं.