तळघरातलं इंजेक्शन

"नेट नसलं तरी काळजी नको, तुमचा मसुदा टॅबलेटमध्ये सुरक्षित राहील," असं ट्रेनिंगला छातीठोकपणे सांगणाऱ्या त्या बाबाला एकदा आजोबांच्या तळघरात कोंडायला हवं. मी घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स. सकाळी तळघरात राहणाऱ्या माझ्या पेशंट आजोबांना इन्सुलिन टोचलं, तिथेच उभ्या उभ्या टॅबलेटवर नोंद केली. खाली नेट नाही, म्हणून स्क्रीनवर आलं, 'मसुदा साठवला.' निघाले.

पुढच्या घरी बँडेज बदलतेय तर ऑफिसमधून साहेबांचा फोन. "तळघरातल्या आजोबांचं इन्सुलिन राहिलंय तुमचं. चिमणीला पाठवलंय." चिमणी म्हणजे आमच्याकडची नवी नर्स.

"राहिलंय कसलं डोंबलाचं! दिलंय मी!"

"इथे दिसत नाही."

"अहो, नोंद माझ्या टॅबलेटमध्ये आहे."

"मग पाठवा ना."

बटण दाबलं. म्हणे, पुन्हा लॉगिन करा. केलं. म्हणे, पासवर्डची मुदत संपली. मेल्याने नाकी नऊ आणले! चिमणीला फोन लावला, पण तळघरात तो लागतोय कशाला! तेवढंच इन्सुलिन पुन्हा गेलं तर साखर धाडकन खाली येऊन म्हातारा हकनाक जायचा. बँडेज कसंबसं गुंडाळलं आणि पळत सुटले.

धापा टाकत जिना उतरले. चिमणी एका हातात सुई धरून बाथरूमच्या दारावर थापा मारत होती. "आजोबा, लहान मुलासारखं काय करताय? उघडा ना!"

"ठेव ती सुई खाली! दिलंय मी सकाळीच!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, ते म्हणत होते तसं... पण टॅबलेटवर काहीच नव्हतं."

कडी निघाली. आजोबा भिंत धरत बाहेर आले. मी त्यांना बसवलं, साखर तपासली. ठीक होती. माझा जीव भांड्यात पडला.

"मघापासून घसा फोडून सांगतोय," ते चिमणीला म्हणाले. "माझ्या पोटात टोचलेलं मला कळणार नाही?"

चिमणी रडायला लागली. तिला झापायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या जागी मी असते तर मी तरी म्हाताऱ्याचं ऐकलं असतं का? नसतंच ऐकलं.

"आजोबा, चुकलं आमचं," मी म्हटलं. "उद्या मीच येईन."

"ये. पण टोचलंस की आधी वर रस्त्यावर जा, ती नोंद पाठव, आणि गेली की खाली येऊन मला सांग," आजोबा म्हणाले. "तोवर मी आत कडी लावून बसतो."